खारपाणपट्टा

पश्चिम विदर्भात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला, भूजल खारे असलेला काळ्या मातीचा सपाट प्रदेश. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौ. किमी. असून त्यात जवळपास ९०० गावे येतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या तालुक्यांतील पुष्कळ गावे या पट्ट्यातील होत.

अरबी समुद्र येथून ४०० किमी.हून दूर. तरी विहीर खणली की खारे पाणी का लागते? कधीकाळी समुद्राचा फाटा इथवर आला असावा, असा तर्क जुन्या भूवैज्ञानिकांनीही केला होता. पण हा खारेपणा मुख्यतः समजून घ्यायला समुद्राची गरज पडत नाही. उत्तर पायाखालच्या दगडात आहे. वऱ्हाडची काळी माती बेसाल्ट झिजून झाली. तो झिजताना सोडियम, कॅल्शियम यांसारखी द्रव्ये पाण्यात उतरतात. कॅल्शियम चुनखडी होऊन मातीतच बसते, सोडियम मात्र विरघळलेला राहतो. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि मधल्या खचलेल्या खोऱ्यात शेकडो फूट गाळ, अशी येथील रचना आहे. उतार नावापुरता, माती चिकण, त्यामुळे पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात, आणि हे हजारो वर्षे चालले आहे.

डोंगराच्या अगदी पायथ्याशी मात्र पाणी गोड आहे. तेथे संत्र्याच्या बागा आणि अंजनगाव सुर्जीकडचे पानमळे दिसतात. दक्षिणेला थोडे उतरले की ओलिताचे शेत शोधावे लागते. पावसाळ्यानंतर नाल्याकाठच्या उथळ विहिरीत काही काळ बरे पाणी मिळते, कारण हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. उपसा वाढला की खालचे वर येते.

खारपाणपट्ट्याचे खरे दुखणे पिण्याच्या पाण्यापुरते नाही. हे पाणी पिकाला दिले की सोडियम मातीचे कण सुटे करतो, छिद्रे बुजतात, जमीन चोपण होते. ओली असताना पाय रुतावा, वाळली की दगडासारखी व्हावी, अशी तिची गत होते. म्हणून खाली पाणी असूनही वरचे शेत कोरडवाहू. कापूस, तूर, मूग आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा, हीच येथील शेतकऱ्याने बसवलेली घडी आहे आणि ती शहाणपणाची आहे. चोपण जमिनीत जिप्सम टाकल्यास कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व निचरा सुधारतो. त्याहून महत्त्वाचे शेततळे. चिकण मातीत पाणी मुरत नाही, हा जमिनीचा दोषच येथे कामी येतो: पावसाचे साठवलेले पाणी टिकते आणि तुषार सिंचनाने पिकाला एक-दोन ओलिते देता येतात.

पिण्यासाठी अकोला जिल्ह्यात वान धरणावरून ८४ खेडी योजना झाली. दहीहांडा भागात एकेकाळी खोल विहिरींतले पाणी आटवून मीठ काढले जाई. मिठाचा तो धंदा बंद पडला. विहिरींचे पाणी अजून तसेच आहे.