प्रच्छन्न प्रसिद्धी, शासकीय (सीमाभाग)

सरकारी मोबदला घेऊन, तो घेतल्याचे लपवून, सरकारची किंवा सत्ताधारी पक्षाची भलामण करणारे भाष्य. बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यात तिला कोणी ‘पेड न्यूज’ म्हणतो, कोणी नुसते ‘पाकीट’. दोन्ही एक नव्हेत. पाकीट वार्ताहराच्या खिशात जाते. पेड न्यूजचा सौदा बहुधा जाहिरात विभागाशी ठरतो.

भारतातील उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक २००३ मधील ‘मीडियानेट’ या प्रायोजित मजकुराच्या विक्रीपर्यंत मागे जातात. काही महाराष्ट्राची २००९ ची विधानसभा निवडणूक आरंभ मानतात. राजकीय मजकुरापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पैसे देणारे खुद्द सरकार असल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या शालेय शिक्षणविषयक कायद्याची तरफदारी करण्यासाठी तेथील शिक्षण खात्याने केचम या जनसंपर्क कंपनीमार्फत भाष्यकार आर्मस्ट्राँग विल्यम्स यांच्याशी २,४०,००० डॉलरचा करार केला होता. जानेवारी २००५ मध्ये तो उघड झाला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने हा प्रचार बेकायदा ठरवला. मजकूर खरा की खोटा हा निकष नव्हता. स्रोत लपवला, एवढे पुरले.

भारतीय प्रेस कौन्सिलच्या २०१० च्या व्याख्येत रोख वा वस्तुरूप मोबदल्यावर छापलेली बातमी किंवा विश्लेषण येते. पैसे कोणी दिले, याची अट नाही. अंमल मात्र उमेदवाराच्या खर्चखात्यातूनच होतो. बेळगाव जिल्ह्यातील १८ विधानसभा मतदारसंघांत निवडणूककाळी जिल्हास्तरीय माध्यम समिती छाननी करते. मजकूर आल्यापासून ९६ तासांत नोटीस, उत्तराला ४८ तास, पुढे तो खर्च उमेदवाराच्या नावे. एरवी सरकारने भाष्यकाराला पैसे दिले, तर ना उमेदवार, ना खाते, ना नोटीस. सर्वोच्च न्यायालयाचे २०१५ चे निर्देशही उघड सरकारी जाहिरातींपुरते आहेत.

सीमाभागात एकाच मराठी वाचकावर दोन सरकारांचा डोळा असतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातील ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने हरकत घेतली, तेव्हा योजनेची माहिती ही बातमीही होती आणि प्रसिद्धीही. येथे शब्दच काही सांगून जातात. नोव्हेंबर २०१४ पासूनचे बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ मराठी लेखणीतून सहसा उतरत नाही. लेखात ते, किंवा ‘जिल्हा परिषदे’च्या सवयीच्या वाचकापुढे कर्नाटकी ‘जिल्हा पंचायत’, तसेच्या तसे राहिले असेल, तर मजकूर सरकारी खात्याकडून आल्याचा तर्क करता येतो. अर्थात घाईच्या संपादनातही तेच दिसते.