50 बार, वेट बेल्ट आणि चोर्ला घाट

ऑक्टोबर ते मे या सीझनमध्ये गोव्याच्या ग्रँड आयलंडला स्कूबा डायव्हिंग शिकून आलेल्या कुणालाही विचारा, सिलेंडरच्या गेजवर 50 बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) दिसले की वर निघायचं हे पाठ असतं. पण 50 च का, हे विचारलं की गप्प.

हिशोब करूनच बघा ना. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर आतून 11.1 लिटरचा, म्हणजे काटा 1 बार खाली आला की साधारण 11 लिटर हवा गेली. आता समजा 18 मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा संपली आणि दोघं तुमच्याच सिलेंडरवर आलात. घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर सहज ओढतो, दोघांचे 60, आणि तिथे दाब पाण्याबाहेरच्या 2.8 पट असल्यामुळे त्याचे होतात 168. सावरण्यात एक मिनिट जातंच. मग मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने वर यायचं तर अजून 230 लिटर, आणि 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (शरीरातला नायट्रोजन निघावा म्हणून थांबणं) धरला तर 270. बेरीज 670 च्या आसपास, म्हणजे 60 बार! 50 वर निघालेले दोघं स्टॉपवरच अडकणार. (अशा वेळी स्टॉप सोडून द्यायचा, चालतं, पण श्वास रोखायचा नाही, हवा भरलेलं फुप्फुस दीड मीटर वर येतानाही फाटू शकतं.) माझ्या मते 50 बार बोटीवर चढताना उरलेले असावेत, तळाशी नाही.

वर आल्यावर दमलात, तरंगता येत नाहीये, तर वेट बेल्ट (खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधलेला वजनांचा पट्टा) सरळ सोडून द्या. बेल्टचे पैसे भरावे लागतील म्हणून लोक कचरतात, खरंच! आपल्याकडे पाणी गढूळ आणि वर बोटींची वर्दळ, त्यामुळे खालूनच मार्कर बोया (खाली डायव्हर आहे हे बोटींना दाखवणारा तरंगता फुगा) वर सोडायला शिकवा असा हट्ट धरा.

आणि घरी जायचं कसं? दाबोळी किंवा मोपाहून विमान असेल तर एका डायव्हनंतर किमान 12 तास, एकापेक्षा जास्त डायव्ह झाले तर 18 तास थांबायचं, हे बहुतेक जण सांगतात. पण आपल्यातले निम्मे लोक गाडीने बेळगावला निघतात आणि चोर्ला घाट 800 मीटरच्या आसपास आहे, तर विमानाचे हे नियम साधारण 600 मीटरपासूनच्या उंचीला धरून केलेत. पाण्याखाली दाबाची हवा घेताना रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला विमान काय नि घाट काय, बाहेरचा दाब कमी झाला की बुडबुडे व्हायची शक्यता वाढते. त्यामुळे डायव्हच्या रात्री मुक्काम खालीच करा, आणि सांधे दुखायला लागले किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर झोपून बरं वाटेल म्हणत बसू नका, ऑक्सिजन लावायचा आणि डायव्ह केल्याचं डॉक्टरला सगळ्यात आधी सांगायचं.