नवी मुंबईचे नाले, धारण तलाव आणि गळाची मासेमारी : पार्श्वभूमी

वाशी, कोपरखैरणे, सानपाडा भागातल्या पावसाळी नाल्यांच्या पुलांवर गळ टाकून उभी असलेली माणसं पावसाळ्यात हमखास दिसतात. कोकणातून आलेले त्याला गरवणं म्हणतात. नाल्यांचं पावसाळी पाणी खाडीत सोडण्याआधी साठवणाऱ्या धारण तलावांतला गाळ काढण्याचा वाद निघतो तेव्हा या मासेमारीचा उल्लेखही होत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

शहर वसण्यापूर्वी पारसिकच्या डोंगरापासून ठाणे खाडीपर्यंत भातशेती, मिठागरं आणि खाडीकाठची दलदलीची खाजणं होती. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध असत आणि बांधाला उघाडी असे. ओहोटीला उघाडीतून शेतातलं पाणी बाहेर पडे, भरती आली की तिचं दार मिटे. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी, बोय, क्वचित जिताडाही मिळे. पहिल्या पावसात मासे पाण्याच्या धारेवर उलटे चढत, ते वलगणीचे मासे. ते धरायला आगरी पाड्यांतली पोरंसोरं बांधावर धावत. या बांधांसाठी 1948 मध्ये खारभूमीचा कायदाही झाला.

1970 नंतर 95 गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. भरावासाठी निवडलेली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर पाणी खाडीत जाणार कसं, हा प्रश्न होता. त्यावर नियोजनकारांनी 'डच पद्धत' म्हणून ओळखला जाणारा उपाय केला. नाल्यांचं पाणी आधी धारण तलावात साठवायचं आणि तलावाच्या तोंडाशी झडपा बसवायच्या. ओहोटीला तलावातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचा दाब झडप बंद करतो. उघाडीचंच हे लोखंडी रूप! मासे आजही पूर्वीसारखे झडपेच्या आसपासच लागतात.

या पाण्याला गोडं म्हणावं की खारं, याचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावरून आलेलं पाणी नाल्यात भरलेलं असतं, तेव्हा गांडुळाच्या आमिषाला मरळ लागू शकतो. दिवाळीनंतर झडपेच्या फटीतून खाडी आत सरकते आणि पाणी मचूळ होतं. मग कणकेच्या गोळीला बोय येते. बारा महिने टिकते ती चिलापी. आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये श्रीलंकेहून भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, गोडंखारं दोन्ही पाणी तिला चालतं, प्राणवायू कमी पडला तर पृष्ठभागाशी येऊन ती तग धरते. गळाला आज सर्वांत जास्त तीच लागते, आणि हे पाण्याच्या तब्येतीचं लक्षण आहे.

वादाचं मूळ गाळात आहे. डोंगरउतारावरच्या दगडखाणींची माती नाल्यांतून तलावात आली, भरतीबरोबर खाडीचा चिखलही आला. झडपा गंजल्या, त्यांची निगा राहिली नाही. खारं पाणी सतत आत येऊ लागलं, त्याबरोबर तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, बियाही आल्या आणि उथळ झालेल्या गाळावर कांदळवन उभं राहिलं. जिथे पाणी साठायचं तिथे झाडी झाली. रहिवाशांची मागणी सरळ होती : तलाव उपसा, नाहीतर सेक्टरांत पाणी भरेल. 2005 च्या जुलैमधला पाऊस पाहिलेल्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. 2018 च्या सप्टेंबरमधल्या अंतिम निकालाने ती पक्की केली : सार्वजनिक हितासाठी तोड आवश्यक आहे असं न्यायालयाला पटलं तरच परवानगी. झाड नैसर्गिक किनाऱ्यावर उगवलंय की माणसाने खणलेल्या तलावात, असा भेद संरक्षणात नाही. त्यामुळे एका बाजूचं म्हणणं असं की ही पावसाळी पाण्याची यंत्रणा आहे, गटार उपसायला कुणी न्यायालयात जातं का? दुसरी बाजू म्हणते, भरतीचं पाणी येतं ती जागा किनारा नियमनाखालीच येते, आणि एकदा सूट दिली की पुढे खाडीकाठही सुटणार नाही. दुसरी भीती मला खोटी वाटत नाही. या शहरात भराव कसे पडतात ते सगळ्यांनी पाहिलंय.

पण दोन्ही बाजू तलाव एकतर खड्डा समजतात किंवा जंगल. माशाला दोन्ही लागतं. तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि बोयीची पिल्लं वाढतात, म्हणून सरसकट पोकलेन फिरवणं घातक. तसंच सगळा तलाव गुडघाभर उथळ राहिला तर एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, प्राणवायू घटतो आणि उरते फक्त चिलापी. झाडी कडेला राखून नाल्याच्या तोंडापासून झडपेपर्यंत खोल पन्हळ मोकळी करावी आणि त्याआधी झडपा दुरुस्त कराव्यात, हा मार्ग पूर आणि मासे दोघांनाही धरून आहे. त्यासाठीही परवानगी लागेल, पण तोड बरीच कमी होईल.

मासे धरणाऱ्यांचं स्थान कागदावर अजून अधांतरी आहे. राज्यात मत्स्यव्यवसायाचा 1960 चा कायदा आहे, सागरी मासेमारीचा 1981 चा वेगळा आहे, आणि धारण तलाव दोन्हींच्या मध्ये उभा आहे. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात 2021 मध्ये उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांच्या भरपाईसाठी धोरण आखायला सांगितलं. ते खाडीतल्या मासेमारीपुरतं. नाल्यावर गळ टाकणारा त्यात बसत नाही, आणि उपशाच्या प्रस्तावांवर त्याला कुणी विचारत नाही. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांजवळून येणाऱ्या नाल्यांत रासायनिक सांडपाण्याचा धोका जुनाच आहे. तिथला मासा घरी नेऊन खाण्याआधी त्याची तपासणी व्हायला हवी आणि तिचे निकाल त्याच पुलांवर लावायला हवेत.