व्हीपीएन जोडलं की प्रिंटर ‘ऑफलाइन’: एका चौकटीतल्या टिकची पार्श्वभूमी

ऑफिसचं व्हीपीएन (घरच्या कॉम्प्युटरपासून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी ‘बोगदा’, म्हणजे टनल) जोडलं की घरचा प्रिंटर ऑफलाइन होतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक मुकाट्याने व्हीपीएन तोडतात, पान छापतात, पुन्हा जोडतात, पुन्हा ओटीपी टाकतात. हेल्पडेस्कचं उत्तर ठरलेलं असतं: ‘फुल टनल आहे (म्हणजे सगळी वाहतूक व्हीपीएनमधून जाते), त्यामुळे असं होणारच.’ घोळ त्या ‘त्यामुळे’मध्ये आहे.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘रूट प्रिंट’ (route print) चालवून बघा, कोणत्या पत्त्याची वाहतूक कुठून न्यायची याची यादी येते. साध्या फुल टनलमध्ये ०.०.०.० च्या, म्हणजे ‘बाकी कुठलाही पत्ता’ अशा अर्थाच्या, दोन ओळी दिसतात. एक घरच्या राउटरकडे जाणारी, दुसरी व्हीपीएनकडे जाणारी. दुसरीचं मेट्रिक (मार्गाची ‘किंमत’) कमी, म्हणून इंटरनेटचं सगळं तिकडून जातं. पण खाली १९२.१६८.१.० आणि २५५.२५५.२५५.० अशी तिसरी ओळ असते, ती घरच्या वायफायच्या पट्ट्याची, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची. राउटिंगमध्ये जास्त नेमकी ओळ जिंकते. मेट्रिक बघायची वेळ येते ती दोन ओळी सारख्याच नेमक्या असतील तेव्हा. म्हणजे १९२.१६८.१.५ वरच्या प्रिंटरचं पाकीट (डेटाचा तुकडा) हॉलमधल्या राउटरकडेच जायला हवं. तरीही जात नसेल, तर बहुतेक वेळा व्हीपीएनच्या क्लायंटने, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरच्या व्हीपीएन प्रोग्रामने, ते अडवलेलं असतं: त्याच पट्ट्याची स्वतःची ओळ कमी मेट्रिकने घुसवून, नाहीतर फिल्टर लावून. (ऑफिसचं नेटवर्कही १९२.१६८.१ वरच असेल, किंवा प्रिंटर नावाने शोधला जात असेल आणि नावांचे पत्ते आता ऑफिसचा डीएनएस सर्व्हर सांगत असेल, तर गोष्ट वेगळी.)

हे अडवणं आलं कुठून? नव्वदच्या दशकात व्हीपीएनची दोन घराणी होती: पीपीटीपी आणि आयपीसेक. पीपीटीपी १९९६च्या सुमारास आलं आणि ते राउटिंगच्या भरवशावर चालायचं. विंडोजमधली ‘रिमोट नेटवर्कचा डीफॉल्ट गेटवे वापरा’ ही टिक मुळातच लावलेली असायची, तरी शेजारच्या मशीनशी बोलणं चालू राहायचं. आयपीसेकची १९९८ची रचना मात्र धोरणावर चालते. कोणत्या पत्त्यांची वाहतूक गुंडाळायची हे आधी ठरतं, आणि ‘सगळी’ असं लिहिलं की घरातल्या प्रिंटरकडे जाणारीही त्यात आली. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती, कारण घरात एक पीसी, एक मोडेम आणि फोनची लाइन. लोकल नेटवर्क होतंच कुठे? आपल्याकडे घरोघरी राउटर दिसू लागले ते २००५नंतर, ब्रॉडबँड आल्यावर.

मग क्लायंटमध्ये एक चौकट आली: ‘लोकल लॅन (घरातलं नेटवर्क) ॲक्सेसला परवानगी द्या’. या चौकटीने जितका मनस्ताप दिला तितका क्वचितच कशाने दिला असेल. वापरणारा टिक करतो आणि काहीच होत नाही. कारण ती टिक म्हणजे फक्त विनंती. परवानगी ऑफिसकडच्या गेटवेने, म्हणजे व्हीपीएनच्या दुसऱ्या टोकाच्या उपकरणाने, द्यायची असते. एका फार खपलेल्या गेटवेवर ती देण्याची रीत तर अशी की वगळायच्या यादीत ०.०.०.० हा एकच पत्ता, ३२ बिटांच्या मास्कसह (म्हणजे नेमका तेवढाच पत्ता) लिहायचा. त्याचा अर्थ ‘क्लायंट ज्या लोकल नेटवर्कवर बसलाय ते’. वाचणाऱ्याला मात्र ‘काहीच नाही’ किंवा ‘सगळंच’ असं वाटतं. किती ॲडमिननी ती ओळ चूक समजून पुसली असेल, देव जाणे.

दुसरा गुंता शब्दाचा. ‘स्प्लिट टनल’ या एकाच नावाखाली दोन उलट्या गोष्टी चालतात. एकात फक्त ऑफिसचे पत्ते टनलमध्ये जातात, बाकी इंटरनेट थेट. दुसऱ्यात सगळं टनलमध्ये, वगळलेले पत्ते सोडून. प्रिंटरसाठी दुसरा प्रकार पुरतो, त्यातही फक्त घरचा पट्टा वगळून. पण हेल्पडेस्कच्या तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) माणूस लिहितो ‘स्प्लिट टनल हवं’, सुरक्षा विभाग पहिला अर्थ घेतो आणि तिकीट बंद. त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. २००३मध्ये स्लॅमर आणि ब्लास्टर या वर्म्सनी धुमाकूळ घातला होता, आणि घरच्या इंटरनेटवर उघडा बसलेला पीसी एकाच वेळी ऑफिसच्याही आत असणं खरंच धोक्याचं होतं. पुढे अमेरिकी सरकारी कंत्राटदारांसाठीच्या २०१५च्या नियमावलीत स्प्लिट टनल रोखण्याचं कलमच आलं. तिकडच्या ग्राहकांचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांत असे नियम लेखापरीक्षणाच्या यादीतून आले. एकदा यादीत शिरलेली ओळ सहसा बाहेर पडत नाही.

मार्च २०२० उजाडला. १३ मार्चला सरकारने बीपीओ-कॉल सेंटरांना घरून काम करू देण्यासाठी कोटी रुपयांच्या अनामतीची आणि दूरसंचार कंपनीकडूनच व्हीपीएन घेण्याची अट तात्पुरती शिथिल केली. पंधरवड्यात हिंजवडी ओस, आणि गेटवे गुदमरले. व्हिडिओ कॉलचा आवाज तुटू लागला तसे तेच सुरक्षा विभाग मीटिंगची वाहतूक टनलबाहेर काढू लागले. वर्षानुवर्षं अशक्य असलेली गोष्ट आठवड्यात झाली. प्रिंटरचं मात्र तिथेच राहिलं. त्याच्यामुळे कुठल्या साहेबांचा आवाज तुटत नव्हता.

ऑगस्ट २०२३मध्ये अडवणाऱ्यांच्या हाती नवा मुद्दा आला. संशोधकांनी दाखवलं की लोकल नेटवर्कला दिलेली सूटच फसवता येते. कॅफेतलं बनावट वायफाय एखाद्या वेबसाइटचा सार्वजनिक पत्ता ‘माझ्या लोकल पट्ट्यातला आहे’ असं सांगतं, आणि ती वाहतूक टनलबाहेर पडते. मे २०२४मध्ये डीएचसीपीच्या (नेटवर्कला जोडताच पत्ता वाटणाऱ्या यंत्रणेच्या) १२१ क्रमांकाच्या पर्यायाने राउटिंगच्या जास्त नेमक्या ओळी घुसवण्याची युक्ती गाजली. मुळात तोच नियम: नेमकी ओळ जिंकते. पहिल्या युक्तीवर उतारा सोपा आहे: सूट फक्त १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या १९९६पासून खाजगी ठरलेल्या पट्ट्यांनाच द्यायची. बऱ्याच ऑफिसांनी त्याऐवजी सूटच काढून टाकली.

यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर या सगळ्यात कधीच गायब झाला नाही, त्याचं बोलणं राउटिंगमधून जातच नाही. काही ऑफिसांनी आता यूएसबीही बंद केलंय, पण ते धोरण वेगळं आणि त्याचं तिकीटही वेगळं.