केशरी सूर्य निळा का उगवला?

ग्राफिक्सचा माझा पहिला प्रोग्राम म्हणजे नुसता एक गोल. लाल २५५, हिरवा १४०, निळा ० असे आकडे देऊन त्यात रंग भरला होता, म्हणजे केशरी सूर्य उगवायला हवा. रन केलं तर पडद्यावर आकाशी गोल. आकार चोख, जागा बरोबर, रंग तेवढा भलताच. अर्धा तास मी गोल काढणाऱ्या ओळी तपासत बसलो. चूक कुठे आहे हे तो निळा रंगच सांगत होता, पण त्याला विचारायचं मला सुचलं नाही.

पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब उडाला तर तो भिंगासारखा वागतो आणि आतले लाल, हिरवे, निळे ठिपके सुटे दिसतात. पिवळा ठिपका त्यात सापडत नाही. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी पेटले की पिवळा आपल्याला ‘दिसतो’, एवढंच. कोणता ठिपका किती पेटवायचा हे प्रोग्रामने सांगायचं, आणि त्यासाठी बहुधा प्रत्येकी एक बाइट असतो: ० ते २५५.

आता २५५, १४०, ० हे उलटे वाचा. ०, १४०, २५५. झाला आकाशी! आकडे बरोबर होते, वाचणाऱ्याने क्रम उलटा धरला होता. हा घोळ फार जुना आहे. बीएमपी या चित्रांच्या फाइलमध्ये रंग निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने असतात. ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररीही तोच क्रम पाळते. तिने उघडलेला फोटो तसाच मॅटप्लॉटलिब या लाल आधी धरणाऱ्या, आलेख-चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीच्या हवाली केला की माणसांचे चेहरे निळे पडतात. शिवाय तिन्ही रंग एकाच मोठ्या आकड्यात कोंबले असतील, तर आजचे बहुतेक प्रोसेसर त्या आकड्याचा शेवटचा बाइट मेमरीत सगळ्यात आधी ठेवतात. लिहिताना लाल पुढे, वाचताना निळा पुढे.

यात एक फसगत आहे. चाचणीला हिरवा, पांढरा, करडा किंवा लाल-निळा समान असलेला राणी रंग घेतला, तर ही अदलाबदल कळतच नाही. पुढून वाचा, मागून वाचा, रंग तोच. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे असलेला रंग घ्यावा. माझा केशरी त्या बाबतीत नशिबाने चांगला निघाला.

अर्थात भलत्याच वाटेने आलेला रंग कधी कधी बरोबरही दिसतो. १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेलने लंडनमध्ये एका चौकडीच्या फितीचे तीन फोटो एकावर एक पाडून रंगीत चित्र दाखवलं. फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेले होते. पण त्या काळच्या फोटोच्या काचांवर लाल प्रकाशाचा परिणाम जवळपास होतच नसे. मग चित्रात लाल आला कुठून? फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता, आणि ते लाल गाळणीतून पार होत होते. हा उलगडा व्हायला १९६१ साल उजाडलं. शंभर वर्षांचं डीबगिंग!

क्रम ठीक आहे पण सगळंच काळं दिसतंय? मग मापाचा घोळ बघा. काही ठिकाणी रंग ० ते २५५ मध्ये द्यायचा असतो, काही ठिकाणी ० ते १ मध्ये. पूर्णांक मागणाऱ्याला ०.८ दिलं तर दशांश चिन्हापुढचं छाटून तो ० करतो: काळं. उलट १ पर्यंतच मोजणाऱ्याला २०० दिलं तर सगळं १ वर अडकतं आणि चित्र पांढरंफटक होतं. सी भाषेत १२७ भागिले २५५ हे दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर ०, त्यामुळे छटा म्हणून काढलेला पट्टाही काळाच निघतो.

उजळत जाणाऱ्या चित्रात मध्येच काळपट पट्टा उमटला तर बाइट ओसंडला असं समजा. २०० मध्ये १०० मिळवले की ३०० होतात, ते बाइटमध्ये मावत नाहीत, २५६ वजा होऊन ४४ उरतात. बेरजेनंतर आणि बाइटमध्ये ठेवण्याआधी २५५ ची मर्यादा घालावी. आणि काहीच उमटलं नाही तर अल्फा, म्हणजे अपारदर्शकतेचा चौथा आकडा, ० राहिलाय का ते पाहा. तिथे रंग आहे, फक्त पूर्ण पारदर्शक आहे.

खरा छळतो तो गॅमा, म्हणजे आकडा आणि पडद्यावरचा प्रकाश यांच्यातलं वाकडं नातं, कारण इथे कोडमध्ये बोट ठेवावं अशी चूकच दिसत नाही. लाल ते हिरवा अशी छटा काढा. मध्ये मळकट, अंधारा भाग येतो. १२८ म्हणजे निम्मा प्रकाश असं आपण धरून चालतो, पण नेहमीच्या पडद्यावर १२८ ला जेमतेम २२ टक्के प्रकाश मिळतो. अंधाऱ्या छटांमधले बारीक फरक डोळ्याला जास्त कळतात, म्हणून २५६ पैकी जास्त आकडे अंधाराच्या वाट्याला दिलेले आहेत. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेलं एसआरजीबी हे रंगांचं माप असंच आहे.

पटत नसेल तर एक पिक्सेल काळा, एक पांढरा असा बुद्धिबळाचा पट काढा. शेजारी दोन सपाट चौकोन, एक १२८ चा, एक १८८ चा. झूम १०० टक्के ठेवून चार पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. पट १८८ शी जुळतो. म्हणून रंग मिसळताना आकड्यांचं आधी प्रकाशात रूपांतर करायचं, मग सरासरी, मग पुन्हा आकडे.

इतकं शहाणपण आल्यावरही एका रात्री माझा पांढरा पिवळट दिसायला लागला. क्रम तपासला, अल्फा तपासला, गॅमाची सूत्रं पुन्हा लिहिली. शेवटी वैतागून स्क्रीनशॉट घेतला आणि त्यातल्या एका पिक्सेलचे आकडे वाचले: २५५, २५५, २५५. रात्री दहा वाजता लॅपटॉपचा नाइट मोड आपोआप सुरू झाला होता.