चकवा, ऊन आणि समुद्राची गाज

दक्षिण गोव्यातील काणकोण तालुक्यात आगोंद आणि पाळोळे या दोन किनाऱ्यांच्या मध्ये, डोंगराच्या कुशीत एक लहानशी पुळण आहे. पर्यटक तिला ‘बटरफ्लाय बीच’ म्हणतात. तेथे होडीने जाता येते आणि रानातल्या पायवाटेनेही जाता येते. समुद्र पश्चिमेला आहे हे पक्के ठाऊक असूनही अशा रानात माणूस वाट चुकतो आणि बराच वेळ चालून पुन्हा त्याच झाडापाशी येऊन उभा राहतो. कोकणात याला चकवा लागला असे म्हणतात. चकव्याच्या गोष्टी भुताखेतांच्या असल्या, तरी तो अनुभव मात्र अगदी खरा आहे.

यान साउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही माणसांना जर्मनीतील बीनवाल्ड या सपाट जंगलात सरळ रेषेत चालायला सांगितले होते आणि त्यांचा मार्ग जीपीएसने नोंदवला होता. सूर्य दिसत होता तेव्हा लोक जवळजवळ सरळ गेले. आभाळ भरून आले होते तेव्हा मात्र ते गोल फिरले आणि स्वतःचीच वाट ओलांडत असल्याचे त्यांना कळलेही नाही. डोळे बांधलेल्या माणसांची वर्तुळे तर कधीकधी 20 मीटर व्यासाइतकी लहान होती. एक पाय आखूड असल्यामुळे असे होते, हा प्रचलित समज त्यातून टिकला नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. ‘समोर’ म्हणजे कोणती दिशा, याविषयीच्या शरीराच्या अंदाजात पावलागणिक बारीक चूक होते आणि बाहेरची खूण नसली की त्या चुका साचत जातात, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. म्हणूनच रानात स्वतःच्या अंतःप्रेरणेवर विसंबणे धोक्याचे आहे.

सूर्य ही सर्वांत मोठी खूण खरी, पण ती आपल्या अक्षांशावर वाचायला शिकले पाहिजे. ‘दुपारी सावली उत्तरेकडे पडते’ हा नियम काणकोणला, म्हणजे सुमारे 15 अंश उत्तर अक्षांशावर, वर्षभर लागू पडत नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तेथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते, तीही इतकी आखूड की तिच्यावरून दिशा ठरवणे कठीण जाते. शिवाय तेथील खरी मध्यान्ह घड्याळात 12 वाजता होत नाही. ती साधारण 12.20 ते 12.50 च्या दरम्यान होते. मावळतीचेही तसेच आहे: डिसेंबरात सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे 24 अंश दक्षिणेला बुडतो, तर जूनमध्ये तितकाच उत्तरेला.

समुद्राची गाज ऐकून दिशा धरता येईल असे वाटते, परंतु पानांमधून येताना बारीक, तीव्र स्वर विरतात आणि उरतो तो खर्जातला घुमारा, ज्याचा उगम कोणत्या बाजूला आहे हे कानाला नेमके सांगता येत नाही. त्यात वाऱ्याचाही हात असतो. जमिनीलगत वारा मंद आणि वर वेगवान असल्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी खाली वाकतो, तर वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. सकाळी जमिनीवरचे वारे समुद्राकडे वाहत असताना जी गाज ऐकू येत नाही, तीच दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर त्याच जागी स्पष्ट येते. गाज वाढली म्हणजे आपण किनाऱ्याजवळ पोचलो, असे त्यामुळे समजू नये.

होकायंत्र येथे फार कामाचे आहे, कारण या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एक-दीड अंशाचाच फरक आहे. तरीही दिशेत 5 अंशांची चूक झाली, तर 3 किलोमीटर चालल्यावर आपण सुमारे 260 मीटर बाजूला पोचतो. एवढी चूक लहान पुळण हुकवायला पुरेशी आहे; समुद्र मात्र हुकत नाही, कारण पुळण हा बिंदू आहे आणि किनारा ही रेषा आहे. नेम धरून चालणारा माणूस खडकावर पोचला, तर पुळण डावीकडे राहिली की उजवीकडे हे त्याला कळत नाही. मुद्दाम थोडे उत्तरेला रोख ठेवून चालणाऱ्याला समुद्र दिसताच दक्षिणेकडे वळायचे हे आधीच ठाऊक असते. ब्रिटिश वैमानिक फ्रान्सिस चिचेस्टर यांनी 1931 मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधल्या टास्मान समुद्रावरून एकट्याने विमान नेताना नॉर्फोक बेट याच युक्तीने गाठले होते. आपल्या किनाऱ्यावर मात्र वळताना उतारावरच राहावे; भरतीच्या वेळी कड्याच्या पायथ्याच्या खडकांवरून जाऊ नये.

ओहोळ धरून उतरणे मला तितकेसे पसंत नाही. पाणी समुद्राला मिळते हे खरे, पण ते कड्यावरून उडी घेते किंवा कांदळवनाच्या चिखलात शिरते, आणि माणसाला दोन्ही जमत नाही. मोबाइलचे जीपीएस नेटवर्कशिवाय चालते, नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावा लागतो. दाट पानांखाली उपग्रहांचे क्षीण संकेत अडतात, परावर्तित होतात आणि ठिपका इकडेतिकडे सरकतो.

परतीच्या वाटेवर किनाऱ्याची ही रेषा मदतीला नसते, कारण गाव हा बिंदू आहे आणि त्याच्यामागे रान पुढे चालूच राहते. म्हणून जाताना प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे, कारण तीच जागा उलट बाजूने ओळखू येत नाही. या अक्षांशावर सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांतच उजेड सरतो आणि झाडांखाली तो त्याहून आधी जातो, त्यामुळे मावळता सूर्य पुळणीवर बसून पाहायचा असेल तर होडी आधी ठरवावी, आणि चालत परतायचे असेल तर सूर्य बराच वर असतानाच उठावे.