मोझेकमधला संत नेमका कोण? ओळखीच्या खुणांची पार्श्वभूमी

इटलीत रावेन्नाला सान्त अपोलिनारे नुओवो नावाचं चर्च आहे, तिथल्या सहाव्या शतकातल्या मोझेकमध्ये एका भिंतीवर 26 ख्रिस्ती हुतात्मे आणि समोरच्या भिंतीवर 22 कुमारिका रांगेने चालल्यात. चेहरे, कपडे, हातातले मुकुट सगळं जवळपास सारखंच, वरची लॅटिन नावं झाकली तर बहुतेक जण ओळखूच येणार नाहीत. अ‍ॅग्नेस कळते कारण पायाशी तिची खूण असलेलं कोकरू आहे. आणि सगळ्यात पुढे जांभळ्या झग्यात संत मार्टिन, कारण हे चर्च एरियन पंथाकडून (येशूला देवाच्या बरोबरीचा न मानणारे ख्रिस्ती) काढून घेऊन तेव्हा त्याच्याच नावाने केलं, आजचं नाव नंतरचं, आणि तो एरियनांचा कट्टर विरोधक.

नाव नसलं की काय होतं ते त्याच गावात गाला प्लासिडियाच्या समाधीत दिसतं. एक माणूस क्रॉस घेऊन निघालाय, समोर जाळावर लोखंडी जाळी, बाजूला कपाटात चार गॉस्पेल, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं. जाळीवर भाजला म्हणून हा संत लॉरेन्स, असं कायम सांगतात, पण काही अभ्यासक संत व्हिन्सेंट म्हणतात, त्याचेही जाळीवरच हाल केले आणि धर्मग्रंथ दे म्हणून छळलं. मला हेच जास्त पटतं, नाहीतर ते कपाट तिथे कशाला?

येशूचे प्रेषित पीटर आणि पॉल यांचं, म्हणजे पीटरची आखूड पांढरी दाढी आणि पॉलचं टक्कल हे मात्र फार आधीच ठरून गेलं होतं.

बाकीच्यांचं ठरलं ते बायझन्टाइन साम्राज्यातल्या मूर्तिभंजनाच्या वादानंतर, म्हणजे धार्मिक चित्रांवर बंदी आली होती त्यानंतर. 843 ला चित्रं परत आली ती अटीवरच म्हणा ना, चित्र कोणाचं ते पक्कं हवं, म्हणून चेहऱ्याची ठेवण ठरलेली आणि शेजारी नाव. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं दहाव्या शतकातलं हस्तिदंती आर्बाविल ट्रिप्टिक (तीन फळ्यांचं कोरीव काम) जेमतेम वीतभर उंच, तरी त्यात ग्रीक नावं कोरलीत. गरजच होती, चिलखतवाले सैनिक संत सगळे सारखे, त्यात थिओडोर दोन, एक शिपाई एक सेनापती! पुढे सेनापतीची दाढी दोन टोकांची काढायला लागले.

पश्चिमेकडे हळूहळू वस्तूंवर भर आला, पीटरच्या किल्ल्या, कॅथरीनचं चाक (जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल हिचंच). पण नवीन संताला अशी खूण कुठली असणार? इंग्लंडचा आर्चबिशप थॉमस बेकेट 1170 ला मारला गेला, 1173 ला संत झाला आणि थोड्याच वर्षांत सिसिलीत मोनरेआलेच्या मोझेकमध्ये आला, आणि इंग्लंडच्या ज्या हेन्री राजाच्या सरदारांनी त्याला मारलं त्याचीच मुलगी तेव्हा तिथली राणी होती. मोझेकमध्ये तलवार नाही, जखम नाही, साधा बिशप उभा आहे, तो बेकेट आहे हे फक्त शेजारच्या अक्षरांवरून कळतं.